बंद इंजिनातली रेघ

अकोल्याच्या गॅरेजात नईम मिस्त्री खुशीत होता. फलकच्या हायब्रिड गाडीचं दुखणं सापडलं होतं. ऑक्सिजन सेन्सर गेलेला. नवा तर खिशातच होता. मागच्या सीटवर फलकची अम्मी बिनघोर घोरत होती. अमरावतीला नव्या नातवाचं तोंड पाहायला निघालेली.

इंजिन बंद होतं, तरी गाडीला जोडलेल्या स्कॅनरवर जुन्या सेन्सरची रेघ चढत-उतरत होती. अम्मीच्या घोरण्यासारखीच.

"इंजिन बंद, अन् हे काय नाचून राहिलं बे!" नईम हसला. त्यानं सेन्सरचा प्लग जरासा ढिला केला.

रेघ आडवी झाली. घोरणं थांबलं.

त्यानं घाईनं प्लग दाबला. अम्मीनं मोठा श्वास ओढला, झोपेतच हसली.

"नईमभाई, काढा ना तो भंगार सेन्सर," फलक म्हणाली. "उशीर होऊन राहिला."

"काढतो," नईम म्हणाला, अन् प्लग अंगठ्यानं आणखीच दाबून धरला.