आठवणीच्या मुळाशी

"ईरा खोटं बोलत नाही," तपासनीस सबनीसबाई ईराच्या आईला, रेवतीला म्हणाल्या. "सावत्र आईनं मारल्याचं तिला खरंच आठवतंय. पण तसं घडलेलंच नाही. हे ऐका."

आठवणी वाचणाऱ्या यंत्रातून त्या आठवणीच्या मुळाशी असलेला आवाज आला. "मृणालमावशीनं मारलं ना गं तुला? नीट आठव बरं."

आवाज रेवतीचाच होता.

"माझ्याकडे आली की ईरा सारखं मृणालच्या घावनांचं कौतुक करायची," रेवती पुटपुटली.

"तुम्ही सही केलीत तर ही आठवण आज पुसता येईल. मात्र असं विचारताना तुम्ही तिला मांडीवर घ्यायचात, तेही ती विसरेल."

रेवतीनं काचेतून पाहिलं. बाहेर मृणालनं हात पुढे केला, तशी ईरा अंग चोरून बाकाच्या टोकाला सरकली.

"राहू दे ती आठवण," रेवती म्हणाली आणि तिनं पेन परत केलं.