चारही चाकांचा माणूस

"जगात माणसांचे दोनच प्रकार," योगराजने जाहीर केलं. "ज्यांच्या चारही चाकांत ताकद असते ते, आणि उरलेले."

हे तो गाडीच्या टपावरून बोलत होता. टपावर चार दिवे बसवून झाले होते आणि आता त्याला खाली उतरता येत नव्हतं.

"स्टूल आणू का?" त्याच्या बायकोने, चंचलने, खालून विचारलं.

"स्टूल उरलेल्यांसाठी असतं."

पाच मिनिटांनी त्याने स्टूल मागितलं.

गाडी सोळा वर्षांची होती. दोन वर्षांपूर्वी योगराजने ती त्याच्या साडूकडून, सुकलालकडून घेतली आणि आठवड्याच्या आत दोघांचं फाटलं. सुकलाल दारात येऊन म्हणाला होता, "मन्हं आयक तरी, भो. गाडीचं एक सांगायचं राहिलंय."

"गाडी आता माझी आहे," योगराज म्हणाला. "राहिलेलं तुमच्याकडेच ठेवा."

तेव्हापासून एकाच जिन्यावर, समोरासमोरच्या दारांत राहून दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. टोमणे चालू होते, पण ते बोलण्यात धरायचे नाहीत. त्यांच्या बायका सख्ख्या बहिणी. त्या भाजीच्या वाट्या या दारातून त्या दारात नेत, आणि वाट्यांबरोबर टोमणेही पोहोचत.

योगराज पलसाण्याच्या, कापड रंगवणाऱ्या एका डाइंग मिलमध्ये सुपरवायझर होता. हाताखालच्या माणसांचं वाक्य त्याने पंधरा वर्षांत कधी पूर्ण होऊ दिलं नव्हतं. मिल तरीही चालू होती, तेव्हा पद्धत बरोबरच असणार. शेठ मात्र त्याला अजूनही "ए" अशी हाक मारत. गाडीच्या उंच सीटवर बसलं की ती हाक ऐकू येत नसे.

म्हणून त्याने सीट आणखी उंच केली. गाडी तीन इंच उचलून घेतली, खोल खाचांचे टायर घातले. चिखलात रुतली तर ओढून काढायला पुढे तारेची विंच लावली. बॉनेटच्या कडेने टपापर्यंत एक काळा नळ चढवला, पाण्यात बुडाली तरी इंजिनाला श्वास घेता यावा म्हणून.

"तापीत राहायला जाणार वाटतं," सुकलाल जिन्यात भिंतीला म्हणाला.

"काहींच्या पोटात दुखतं," योगराज कठड्याला म्हणाला.

गाडी उचलण्याचं काम कामरेजच्या भिकन मेकॅनिकने केलं. तो काळ्या तोंडाने गाडीखालून सरकत बाहेर आला. "साहेब, पुढे खाली एक—"

"भिकन, तुला काय सांगितलं होतं?"

"तीन इंच."

"उचललीस?"

"उचलली. पण—"

"मग मला गाडी शिकवू नकोस."

भिकनने फडक्याला हात पुसले आणि चहा मागवला. एकच.

मग मालतीबाई आल्या, सुकलालची बायको. "योगराजभाऊ, एकदा घरी येऊन जा. यांना बोलायचंय."

"गाडी परत मिळणार नाही म्हणावं."

"गाडी कोण मागतंय? उलट तुमचीच—"

"ताई, सांगा त्यांना. नाही म्हणजे नाही."

मालतीबाई वाटी घेऊन परत गेल्या. वाटी भरायची राहिली.

भडका उडाला बारडोलीला, एका बारशात. योगराज जिलबी हातात धरून नातेवाइकांना सांगत होता की त्याची गाडी भिंतही चढेल. मागून सुकलालचा आवाज आला, "ती गाडी चाकांवर चालत नाही. याच्या तोंडावर चालते."

पन्नास माणसं हसली. त्यात पाळण्यातलं बाळही होतं, असं योगराज पुढे बरेच दिवस सांगे.

"रविवारी," तो जिलबी खाली ठेवत म्हणाला. "कामरेजच्या पुढे, नदीकाठचा मोठा चढ. नाही चढली तर गाडी तुमची. तिथल्या तिथे किल्ली देतो."

"आणि चढली तर?"

"सगळ्यांसमोर हात जोडायचे आणि हरलो म्हणायचं."

"म्हणेन," सुकलाल म्हणाला. "पण त्याआधी माझं एक—"

"रविवारी!"

रविवारी निम्मं बारसं चढापाशी हजर होतं. योगराजने आधी सगळ्यांना शास्त्र समजावलं. मागची दोन चाकं ढकलतात. ही छोटी लिव्हर ओढली की पुढची दोन खेचायला लागतात. मग माती काय आणि डोंगर काय! त्याने लिव्हर ओढली. समोर हिरवा दिवा लागला. तो दिवा त्याने चंचलला बोलावून दाखवला.

पहिल्या खेपेला गाडी अर्ध्यावर गेली, फुरफुरली आणि घसरत खाली आली. मागे उभ्या नातेवाइकांवर माती उडाली. कुणीतरी गुजरातीत काही बोललं आणि हशा पिकला. सुकलाल हसला नाही. तो खाली वाकून गाडीच्या पोटाकडे बघत होता. आतापासूनच मालकासारखा बघतोय, योगराजला वाटलं. त्याचे कान तापले. उद्या मिलमध्ये 'ए', आणि रविवारीही 'ए'.

त्याने टायरांतली थोडी हवा सोडली, लिव्हर आणखी मागे ओढली आणि दात आवळून गाडी घातली. इंजिन ओरडलं. गाडी वाकडी झाली, थांबल्यासारखी झाली, आणि इंच इंच करत वर सरकली. चढाचं टोक आलं, गेलं, आणि समोर नुसतं आभाळ राहिलं.

योगराज उडी मारून उतरला. या वेळी स्टूल लागलं नाही.

"पाहिलंत? पुढच्या चाकांनी खेचली! पुढच्या चाकांनी!"

सुकलाल धापा टाकत पायी चढून आला. त्याने कपाळाचा घाम पुसला आणि सगळ्यांसमोर हात जोडले. "हरलो, भो. तुझ्यासारखा ड्रायव्हर आपल्या नात्यात नाही."

दोन वर्षांत पहिल्यांदाच योगराजने त्याला मधे तोडलं नाही. ऐकायला फारच गोड लागत होतं.

"आता एक काम कर," सुकलाल म्हणाला. "पुढच्या चाकांना इंजिनाशी जोडणारा दांडा मी डिझेल वाचावं म्हणून गाडी माझ्याकडे होती तेव्हाच काढून ठेवला होता. तो आमच्या पलंगाखाली पडलाय. आज संध्याकाळी तेवढा घेऊन जा, मालतीला झाडू मारता येत नाही."