दोन धूर

“आई, तो धूप विझवा,” लोशा म्हणाली.

सासूने मानसुद्धा वर केली नाही. उलट मातीच्या धुपाटण्यात आणखी एक मूठ टाकली. डोंगरावरच्या ग्वापिनोलच्या झाडाखाली बसलेल्या बायका पांढऱ्या धुरात दिसेनाशा झाल्या. मेलेल्याच्या जिवाला वाट दिसावी म्हणून सिमोहोव्हेल गावात धूप जाळतात, आणि ही सासू, पाश्कुआला, सकाळपासून पोटच्या पोरासाठी तो जाळत होती.

लोशाला ते बघवत नव्हतं. तिचा नवरा लुकाश काल पहाटे अंबर, म्हणजे दगड झालेला डिंक, खणायला गेला, आणि पावसाने भिजलेला डोंगर दुपारी खाली बसला. लुकाश कुठल्या बोगद्यात गेला, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. चांगला खडा दिसला की खणणारा कुणाला सांगत नाही, बायकोलाही नाही. नाव घेतलं की अंबर आणखी आत सरकतं म्हणे! आठवडाभर लुकाश झोपेत हसत होता. लोशाने खोदून खोदून विचारलं, तर म्हणाला, “गप गं, ऐकेल ते.” आता गावातले पुरुष तीन ठिकाणी अंदाजाने माती उपसत होते. डोंगराला भोकं मात्र शंभर होती.

त्याच्या डोक्यात काय होतं, ते तिला माहीत होतं. विद्यापीठातल्या बाई आल्या होत्या. अंबरातल्या माश्या, मुंग्या, पानं त्या भिंगाखाली बघायच्या आणि माणूस जन्मायच्या आधीचं रान कसं होतं ते सांगायच्या. “अख्खं फूल मात्र अजून नाही मिळालं,” असं त्या सहज बोलून गेल्या. लुकाशने ते मनावर घेतलं. तेव्हापासून गडी फुलाच्या नादी लागला तो लागलाच.

ऊन उतरलं. अंगाला गार वारा लागला. आणि धुराखालून लोशाच्या नाकाला एक कडवट वास आला, अगदी पुसट.

बाजारात अंबर पारखायचं काम तिचं. तापलेली सुई खड्याला टोचायची आणि धूर हुंगायचा. प्लॅस्टिक असेल तर नाक धरून पळावं लागतं. धूप म्हणजे कालपरवाचा डिंक, त्याचा वास गोड, लिंबासारखा. अंबर त्याच जातीच्या झाडाचं, पण युगं मातीत काढलेलं. त्याचा धूर कडवट असतो आणि घशात बसतो.

आत्ता तो तिच्या घशात बसला होता. की तिलाच तसं वाटत होतं? या धुपापुढे काही कळेना.

“आई, पाया पडते. घडीभर विझवा.”

“वाट चुकेल त्याची,” म्हातारी म्हणाली. “बायको आहेस तू. मी आई आहे.”

“मेला नाही तो अजून! तुम्हाला कसली घाई झालीय त्याला पोचवायची?”

बायकांनी तोंडाला शाली लावल्या. सासूचे डोळे भरून आले, पण तिचा हात पुन्हा धुपाकडे गेला. लोशाने पुढचामागचा विचार केला नाही. पायाने धुपाटणं उडवलं. ते दगडावर आपटून फुटलं आणि तिने निखाऱ्यांवर ओली माती लोटली. मेलेल्याचा धूप लवंडणं म्हणजे त्याला शाप देणं. कुणीतरी “अवदसा!” म्हणालं. म्हातारी वाकून खापऱ्या वेचू लागली, आणि तेच लोशाला जास्त लागलं.

धूर विरला. कडवट वास राहिला.

ती गुडघ्यांवर रांगत वासामागे गेली. झाडाच्या मुळांत हाताएवढी फट होती. तिने तोंड फटीला लावलं आणि तिला ठसका लागला. “इथे!” ती ओरडली. “इथे खणा! खाली अंबर जळतंय!”

पुरुष धावले. अंधार पडता पडता आतून एक हात वर आला, मग लुकाश. ओठ फुटलेले, अंगभर चिखल. मुठीत जळून काळा ठिक्कर झालेला गोळा होता.

“फूल होतं गं ह्यात,” तो म्हणाला. “अख्खं.”

“जळो मेलं ते फूल!” म्हणत लोशाने त्याला मिठी मारली आणि ती मोठ्याने रडली. मनात म्हणाली, बरं झालं मी कुणाचं ऐकलं नाही. पाश्कुआला दूर खापऱ्या गोळा करत बसली होती. पोराजवळ यायचा तिला धीर होत नव्हता. जिवंत पोरासाठी आपण मेलेल्याचा धूप जाळला, हे तिला खात होतं.

लुकाश पाणी प्यायला आणि त्याने इकडेतिकडे पाहिलं. “आई कुठाय?”

लोशाने मान खाली घातली.

“मेणबत्ती संपली होती,” तो म्हणाला. “एकच काडी उरलेली. ओढून उपयोग काय? धूर बघायला वर कोण असणार? मी आशा सोडून पडलो होतो. पण ऊन असेतो डोंगर श्वास आत ओढतो ना, त्या वाऱ्याबरोबर आईच्या धुपाचा वास खाली आला. म्हटलं, वर आपलं माणूस बसलंय. मग ऊन उतरून वारा बाहेर फिरायची वाट बघितली, आणि ह्या खड्याला काडी लावली.”