रविवारचं दुरुस्तीचं टेबल

फोरमननी दारावरची बेल पुन्हा खोलली, तेव्हा बाईंचा धीर सुटला.

"अहो, ती वाजत होती!"

"वाजत होती, पण मनापासून नाही," असं म्हणत त्यांनी स्प्रिंग उजेडात धरली.

कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून फोरमनच्या हाताला चैन नव्हती. घरातल्या सगळ्या नळांचे वॉशर बदलून झाले होते. भिंतीवरचं धडधाकट घड्याळ त्यांनी उघडलं आणि ते बाराला दोन ठोके देऊ लागलं. उरलेला वेळ ते खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत.

बाई शाळेतून त्यांच्या आधीच निवृत्त झाल्या होत्या. त्यांचं काही अडत नव्हतं. खिडकीजवळ खुर्ची होती. गुडघे दुखायचे म्हणून जिना उतरायचा प्रश्न नव्हता. फोन वाजला तर वाजून आपला आपण थांबायचा. पण हा माणूस स्वस्थ बसू देईल तर शपथ!

"मला काहीतरी काम बघ गं," एक दिवस ते काकुळतीला येऊन म्हणाले. "नाहीतर मी घरात बसून बसून कामातून जाईन."

बाईंना आठवलं, यांचे कारखान्यातले दोघे मित्र असेच निवृत्त होऊन घरी बसले होते, ते पुन्हा उठलेच नाहीत.

बाईंनी फोन करून चौकातल्या वाचनालयात गळ घातली. दर रविवारी दुपारी फुकट दुरुस्तीचं टेबल लावायचं ठरलं. ग्रंथपाल हो म्हणाले, पण महिनाभरात माणसं फिरकली नाहीत तर तिथं कॅरम ठेवू, हेही सांगून मोकळे झाले.

पहिल्या रविवारी एकच जण आला, तोही स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारायला. फोरमन घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी गुडघ्याला पट्टा बांधला आणि कठडा धरत त्या वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंकडे गेल्या.

"तुमची इस्त्री बिघडलीय का हो?"

"छे, छान चालते."

"मग नुसती तपासून घ्या. फुकट आहे!"

इस्त्री घरी आली ती थेट पलंगाखाली गेली. मागची टोपी काढली की आत एक वायर असते, ती निसटली की सगळा खेळ खलास, हे फोरमनच परवा जेवताना सांगत होते. ते फिरायला गेल्यावर बाईंनी स्वयंपाकघराच्या फळीवरचा छोटा स्क्रूड्रायव्हर घेतला. स्क्रू इतके घट्ट, की बोटं सोलवटली. आयुष्यभर मुलांच्या कॉप्या पकडणाऱ्या बाईंना त्या दिवशी घाम फुटला. पण वायर निसटली.

रविवारी फोरमननी इस्त्री उघडली, "हं!" केलं आणि शीळ घालत वायर जोडून टाकली. ती शीळ बाईंनी किती दिवसांनी ऐकली होती!

मग बाईंना थांबता येईना. खालच्या आजोबांचा टेबलफॅन झाला, बेकरीवाल्याचा मिक्सर झाला. पण ज्या घरात वस्तू आणायला जावं तिथं त्या अडकून पडू लागल्या. आजोबांच्या डोळ्यांत थेंब घालायला कोणी नव्हतं, म्हणून बाई रोज जाऊ लागल्या. शिंपीणबाईंच्या मुलीचं गणित कच्चं होतं. तिला शिकवायला बसल्या, तर आठवड्याभरात तिच्या मैत्रिणीही वह्या घेऊन हजर.

"हा सगळा खटाटोप यांच्यासाठी," बाई स्वतःला बजावत. गुडघ्याचा पट्टा कुठे ठेवलाय ते त्यांना आठवेना. स्क्रूही आता हात लावताच निघू लागले होते. हात बसला होता.

अशात एका रविवारी ग्रंथपालांनी त्यांना दारात गाठलं.

"बाई, प्रत्येक वस्तूत एकच वायर कशी हो निसटते?"

"हवा दमट आहे," बाई म्हणाल्या.

ग्रंथपाल हसले नाहीत. "फोरमनशी एकदा बोलायला हवं."

तो आठवडा बाईंचा जीव टांगणीला लागला. आमटीत मीठ दोनदा पडलं, आजोबांच्या थेंबांची वेळ चुकली. फोरमनना कळलं तर? आपण महिनोन्महिने बायकोची लबाडी दुरुस्त करत होतो, हे समजल्यावर तो मानी माणूस पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडेल. त्या विचारानेच त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

रविवारी दुपारी त्यांनी शेजारच्या नर्सचा टोस्टर उरकला. स्क्रू अक्षरशः तळहातावर येऊन पडले. ग्रंथपालांचे पाय धरायचे, पण त्यांना बोलू द्यायचं नाही, असं ठरवून त्या पिशवी घेऊन भराभर जिना उतरल्या.

त्यांना उशीरच झाला होता. पुस्तकांच्या कपाटापलीकडून आवाज येत होते.

"फोरमन, राग मानू नका," ग्रंथपाल म्हणत होते, "पण या वस्तू कोणीतरी मुद्दाम बिघडवतंय."

कपाटाआड बाईंनी डोळे गच्च मिटले.

"माहितीय. हळू बोला, येईलच ती एवढ्यात."

"म्हणजे तुम्हाला... मग तुम्ही गप्प का?"

"वर्षभर जिना उतरली नव्हती हो ती. 'स्वतःसाठी ऊठ' म्हणून थकलो. शेवटी म्हटलं, 'माझ्यासाठी बघ काहीतरी'." फोरमन खुर्ची सरकवून टेबल पुसू लागले. "आज टोस्टर आणेल बघा. सकाळीच त्याचे स्क्रू सैल करून ठेवलेत मी. तिची बोटं फार सोलवटतात."