फिलोमीनचा निकाल

डॉक्टरांनी कागद फिलोमीनसमोर सरकवला. "तुमच्यात तो दोष नाही. हृदयाचे ठोके बिघडवणारं ते जनुक तुमच्यात आलंच नाही."

तिने कागद वाचला नाही. सेंट जॉन्स शहरातून आलेलं संशोधन पथक दोन दिवस गावच्या दवाखान्यात होतं आणि बाहेरच्या बाकावर तिच्या हाइन्स घराण्यातलं कोणी ना कोणी बसलेलंच होतं. तिचा बाप एकोणचाळिसाव्या वर्षी होडीत जाळं ओढता ओढता गेला. दोन्ही भाऊ तर तिशीही गाठू शकले नाहीत.

"म्हणजे मुलांचीही काळजी नको," डॉक्टर हसून म्हणाले. "किती मुलं तुम्हाला?"

"लग्न नाही केलं मी." मग तिने विचारलं, "ही तपासणी अठ्ठावीस वर्षांपूर्वी नव्हती का हो?"

डॉक्टरांनी मान हलवली. तेव्हा कुणाला काही ठाऊकच नव्हतं, असं काहीसं ते पुटपुटले.

बाहेर तिची भाची केल्सी उभी होती. केल्सीत दोष निघाला होता. तिच्या छातीत कातडीखाली यंत्र बसवून वर्ष झालं होतं. ठोके भरकटले की ते झटका देऊन ताळ्यावर आणणार. ऑगस्टमध्ये तिचं लग्न होतं. निकाल ऐकून तिने मिठी मारली. "सुटलीस गं, आत्या," म्हणाली आणि आनंदाने रडली. फिलोमीनने तिला एवढंच बजावलं, की हे गावात कुणाला सांगायचं नाही.

घरी जाताना धक्क्यावर अ‍ॅम्ब्रोज खेकड्यांचे पिंजरे रचत होता. अठ्ठावीस वर्षांपूर्वी, ती चोवीस वर्षांची असताना, त्याने तिला मागणी घातली होती. पोरं जन्माला घालून मातीत पुरायची ताकद माझ्यात नाही, असं सांगून तिने नाही म्हटलं. तो तीन वर्षं थांबला. मग त्याने लग्न केलं. गेल्याच वर्षी आजोबा झाला.

हातातला पिंजरा खाली ठेवून त्याने विचारलं, "फिल, काय निघालं?"

तिने कोटाच्या खिशात कागद मुठीत आवळला.

"आहे माझ्यात," ती म्हणाली.

अ‍ॅम्ब्रोजने टोपी काढली. "म्हणजे तेव्हा तुझंच बरोबर होतं."

"हो," फिलोमीन म्हणाली. "जा आता. बायको जेवायची खोळंबली असेल."