मागच्या दाराची कडी

“यात आवाजही येतो ना?” मुकुंदरावांनी पुन्हा विचारलं.

“येतोय की सर. कुजबुजलं तरी ऐकू येतंय.” सीसीटीव्हीवाल्या बसवराजने पुढच्या खोलीतल्या टेबलावर खोकं उघडलं. “पण माझं ऐका, वायफायवाला घ्या. केबल नको, भिंतीला भोकं नकोत. तुमचा मुलगा पुण्यात बसून मोबाइलवर बघंल.”

“म्हणूनच नको. केबलचाच बसव. घरातलं घरात राहू दे.”

मुकुंदराव कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेले. कॅमेऱ्यांचं माहितीपत्रक त्यांनी पेन्सिलीने खुणा करत वाचलं होतं. तरी काही चुकत तर नाही ना, ही धाकधूक होतीच.

“काय काय गेलं सर?”

“शेंगाची चटणी. कडक भाकरी.”

“भुकेला चोर दिसतोय.”

“आणि कपाटातले चांदीचे वाळे. आमचा सुबोध तान्हा होता तेव्हाचे.”

बसवराजचं हसू मावळलं. “मग पोलिसात जायचं की.”

“नको. कोण येतं ते मला एकदा बघायचंय. चेहरा नीट दिसला पाहिजे, बस.”

ड्रिल घेऊन दोघे मागच्या दाराच्या आतल्या बोळकंडीत आले. मुकुंदरावांच्या पत्नी दुर्गाबाई तिथे गवार मोडत बसल्या होत्या. कॅमेऱ्याचा विषय निघाल्यापासून त्यांचं बोलणं कमी झालं होतं.

“चोर कधी येतोय म्हणायचा?” बसवराजने विचारलं.

“संध्याकाळी. मी वाचनालयात जातो तेव्हा.”

“गुरुवारी तर वाचनालय बंद असतंय की.”

“गुरुवारी मी तलावावर जाऊन बसतो.”

“आणि काकू, तुमाला काय चाहूल लागत न्हाय?”

“मी देवापुढे असते,” दुर्गाबाई मान वर न करता म्हणाल्या. “आणि दिवेलागणीला मागचं दार उघडत नसतात. लक्ष्मी निघून जाते.”

“मग तो मागनंच येतोय कशावरून?”

“उंबऱ्यावरची रांगोळी पुसलेली असते,” मुकुंदराव म्हणाले.

“मांजर असंल.”

“मांजराच्या पायाला अंगठा नसतो.”

गवारीची शेंग मोडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ आला नाही.

बसवराजने एक कॅमेरा वर, छताजवळ बसवला. दुसरा मुकुंदरावांनी खाली मागितला, गुडघ्याच्या उंचीवर.

“हितं? हितनं चोराच्या चपला दिसतील, सर.”

“असू दे.”

“बरं, तुमचं घर. पण दाराखालची ही फट तेवढी बुजवून घ्या. उंदीर घुसतील.” त्याने दार पाहिलं, कडी सरकवली. पुन्हा सरकवली. मग बोटं नाकाशी नेली. “ही बघा. असल्या जुन्या कडीचा आवाज अख्ख्या गल्लीला जातोय. हिचा आवाजच न्हाय. कुणीतरी तेल घालतंय. शिलाई मशीनचं.” त्याने आवाज खाली आणला. “राग मानू नका सर, पण चोराला घरातलंच कुणीतरी सामील हाय.”

दुर्गाबाईंचा हात परातीत तसाच राहिला. मुकुंदरावांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला, आणि पुसतच राहिले.

केबल पुढच्या खोलीतून न्यायची होती. भिंतीवर एक चौकोन बाकीच्या रंगापेक्षा उजळ होता. मधोमध रिकामा खिळा.

“हितं फोटो होता काय?”

“होता.”

“खिळा काढू का? केबलची पट्टी सरळ जाईल.”

“खिळा राहू दे. पट्टी वळवून घे.”

रेकॉर्डर छोट्या पडद्यासकट पुस्तकांच्या कपाटात गेला. बसवराजने स्वतःच्या सवयीचा पासवर्ड टाकून दिला होता. मुकुंदरावांनी त्याला पाठ फिरवायला सांगून तो बदलला, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली बंडीच्या खिशात टाकली.

“आता कुणाच्या बापाला बघता येणार न्हाय,” बसवराज म्हणाला. “फक्त तुमाला.”

संध्याकाळी मुकुंदराव नेहमीसारखे बाहेर पडले. परत आले तेव्हा चटणीची बरणी भरलेली होती. दुर्गाबाईंचे डोळे सुजल्यासारखे दिसले.

सकाळी दुर्गाबाई देवळात गेल्यावर त्यांनी कपाट उघडलं.

पडद्यावर काल संध्याकाळची बोळकंडी दिसली. दुर्गाबाई आल्या आणि बंद दाराला कपाळ टेकून उभ्या राहिल्या. बाहेरून टकटक झाली.

“आई, उघड ना.”

“नाही देवू. त्यांनी कॅमेरा लावलाय.”

“बाबांनी?”

“कोण येतं, त्याचा चेहरा बघायचाय म्हणे. सुबोधला दाखवतील. तुझा भाऊ काय करेल, तुला ठाऊक आहे.”

“बाबा असं करतील?”

“लग्न करून गेलीस त्या दिवशी देवापुढे शपथ घेतलीय त्यांनी. मरेपर्यंत तिचं तोंड बघणार नाही म्हणून. सात वर्षांत तुझं नाव काढलं नाही. असली माणसं बदलत नाहीत. पोराला घेऊन जा. आता येऊ नकोस, कधीच येऊ नकोस.”



मुकुंदरावांनी खालच्या कॅमेऱ्याचं चित्रण लावलं. दाराखालच्या फटीत दोन इवली पावलं उभी होती. पायांत चांदीचे वाळे. एक पाऊल उंबऱ्याकडे आलं, थबकलं, मग कुणीतरी उचलून घेतल्यासारखी दोन्ही पावलं वर गेली. वाळ्यांचा आवाज बाहेरच्या गल्लीतून लांब जात राहिला.

त्यांनी ते पुन्हा लावलं. चेहरा कुठेच नव्हता.

दुपार कलली तशी त्यांनी खांद्याला पिशवी अडकवली. मागच्या दाराशी येऊन तिच्यातल्या वाचनालयाच्या पुस्तकाखालून मशीनच्या तेलाची बाटली काढली, आणि रोजच्यासारखे कडीवर दोन थेंब सोडले.