तिसरी शाल्मली

पडद्यावर तिशीतल्या दोन शाल्मली उभ्या होत्या. कोर्टाचं यंत्र असं पुढचं आयुष्य दाखवायचं: एक आईकडे वाढलेली, दुसरी बाबांकडे. बाबा उद्याच लेकीला घेऊन परदेशी निघणार होते, म्हणून आईने तातडीने ताबा मागितला होता. सहा वर्षांची खरी शाल्मली मागच्या बाकावर आत्याशेजारी बसून तिच्या डब्यातला शिरा खात दोघींना न्याहाळत होती.

न्यायाधीशबाईंनी दोघींना एकच विचारलं, "ताप आला की कुणाला फोन करतेस?"

"इंदूआत्याला," दोघी एकदम म्हणाल्या.

आईबाबांनी वळून मागे पाहिलं. आत्या गडबडून उठली. "मी नुसता डबा द्यायला आलेय, मॅडम."

शाल्मलीने चमचा खाली ठेवला. "मग आत्याकडे वाढलेली मी कुठाय?"